मोठ्या भावाचं बोलणं

बुलढाणा
६ जानेवारी २०२५

भाऊ,

हा कागद तुला गावातला जीपवाला अन्वर देईल. फोनवर माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस, त्याची तक्रार नाही. पण कागद फेकायचा झाला तरी माणूस आधी तो एकदा उलगडतो, तेवढ्या आशेवर लिहायला बसलो आहे.

सांगायचं थोडंच आहे. आमच्या वसतिगृहातल्या आणि आजूबाजूच्या कॉलेजांतल्या ख्रिस्ती मुलामुलींचं एक कलापथक आहे. 'अंकुर' त्याचं नाव. दर जानेवारीत ही मुलं जीप करून गावोगाव जातात, ढोलकी-पेटीवर भजनं म्हणतात, येशूने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीचं नाटक करतात. दरवर्षी पाळकसाहेब सोबत असतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मोठं माणूस म्हणून मला पाठवत आहेत. मी वसतिगृहाचा रखवालदार, मुलं मला काका म्हणतात. माझं काम जेवणाची सोय पाहायची आणि सामान मोजून जीपमध्ये चढवायचं. आधी देऊळघाटकडच्या वस्त्या, मग धाड, मग देऊळगाव राजा.

धाडचा कार्यक्रम वंदनाबाईंच्या अंगणात आहे. गावच्या आशा सेविका वंदनाबाई, वहिनींच्या ओळखीच्या. परवानगी रीतसर काढली आहे.

म्हणजे मी धाडला येतो आहे. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये.

बाबा गेले तेव्हा मी खांदा दिला, लाकडं रचली, पण दहाव्याला मुंडण केलं नाही आणि पिंडाला हात लावला नाही. तेव्हा तू नदीवर सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालास, "बापाले पाणी देत नाई तो माया भाऊ नाई. माया उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको." मी ठेवलेला नाही. भाऊ, त्या दिवशी मी चुकलो असं लिहिता आलं असतं तर हे पत्र फार सोपं झालं असतं. ते मला लिहिता येत नाही. आजही मी तसंच केलं असतं. आणि तू बोललास ते तुझ्या जागी मीही बोललो असतो.

तुझा शब्द मोडायला मी येत नाही. तुझ्या दाराशी येणार नाही, वहिनींना निरोप पाठवणार नाही. मागे वंदनाबाईंच्या सासऱ्यांच्या मातीला मी धाडला आलो होतो, तेव्हा तू सकाळीच गाव सोडून भोकरदनला निघून गेलास, असं मला परतताना कळलं. मागणं एवढंच आहे की या वेळी जाऊ नकोस. तू गावात असताना मला एकदा त्या गावात उभं राहू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा
ज्ञाना


देऊळघाट
८ जानेवारी

भाऊ,

सकाळी अन्वर जीप घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही, काच पुसत राहिलो. शेवटी त्यानेच विषय काढला.

"देल्ली तुमची चिठ्ठी. वांग्याच्या वाफ्यात होते. हात धुतले, वाचली अन् खिशात ठेवली."

"काही म्हणाले?"

"म्हणे, त्याले सांगजो, धाडचा रस्ता सरकारचा हाय. कोनीबी जावं, कोनीबी यावं."

अन्वरने इंजिन सुरू केलं, परत बंद केलं आणि म्हणाला, "ज्ञानूभाऊ, तुमचं तोंड काऊन उतरलं? येऊ नको तं नाई म्हटलं ना त्याईनं."

हे त्याचं खरं आहे. मी दिवसभर ते मनात घोळवलं.

आता दुसरी गोष्ट सांगतो, तू हसशील. मी नाटकात काम करतो आहे. प्रसेनजित म्हणून आमचा एक उंच मुलगा आहे, त्याचा आवाज परवाच्या थंडीत असा बसला की पाणी मागायचं तरी तो हात करतो. अर्पिता नावाची मुलगी हे नाटक बसवते. एम.ए.ला आहे, नगरकडची, बोलायला फटकळ. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, मोठा भाऊ तुम्ही करायचा. शास्त्रातले शब्द तुम्हाला पाठ आहेत."

मी म्हटलं, "अगं, मी जन्मात स्टेजवर चढलो नाही."

"स्टेज आहे कुठं? सतरंजी आहे. तिच्यावर तर तुम्ही रोज झोपता."

गोष्ट तू ऐकलेली नसशील, म्हणून सांगतो. एका शेतकऱ्याला दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझा हिस्सा आत्ताच द्या. बाप देतो. तो दूर देशी जातो, सगळं उडवतो, उपाशी मरायला लागतो, आणि बापाच्या घरी चाकर म्हणून तरी राहावं असं ठरवून परत येतो. बाप त्याला लांबून पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो आणि मोठी मेजवानी करतो. मोठा मुलगा त्या वेळी वावरात असतो. संध्याकाळी घराजवळ येतो तर वाजंत्री ऐकू येते. कळल्यावर तो आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तेव्हा मोठा जे बोलतो, तेच मला बोलायचं आहे. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, तुमचा शब्द मोडला नाही, पण मला मित्रांबरोबर खायला एक करडू तरी कधी दिलंत का, असं ते बोलणं आहे.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तो बाप मेजवानीसाठी पोसलेलं वासरू कापायला सांगतो. तो मुलूख वेगळा, तिथली चाल वेगळी. आपल्या गावांत हे तोंडातून काढायचं नसतं, हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी तिथे 'गावाला पंगत घातली' असं करून घेतलं आहे.

आज संध्याकाळी तालीम केली. बापाचं काम अविनाश करतो. त्याला मिसरूड नीट फुटलेलं नाही, पण कापसाची दाढी लावून तो माझा बाप झाला. मी त्याला सगळं बोललो. अर्पिता कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, तुम्ही रेडिओवरचे बाजारभाव सांगताय. चिडा ना जरा."

अन्वर चाकावर बसून पाहत होता. "याह्यचा राग म्हणजे कालचा चहा हाय पोरी," तो म्हणाला. "चुलीवर ठेवा लागते."

सगळे हसले. मीही हसलो. पण खरंच, मला त्या मोठ्या भावासारखं चिडता येत नाही.

तुझा
ज्ञाना


देऊळघाट
१० जानेवारी

भाऊ,

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तू कालचा प्रकार मोबाइलवर पाहिला असशील. तरी माझ्या हाताने लिहितो.

काल दुपारी इथून थोडं पुढे एका वस्तीवर कार्यक्रम होता. पारावर माणसं बरीच जमली होती. सगळीच काही प्रार्थनेला येणारी नव्हती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, काही म्हातारे घोंगड्या गुंडाळून. धाकटा मुलगा परत आला तेव्हा दोनतीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग मी वावरातून आलो, खांद्यावर फावडं घेऊन. बाहेरच बसलो. अविनाश माझ्याजवळ आला, हात धरला आणि म्हणाला, "बाळा, आत चल."

भाऊ, तुला काय सांगू. कापसाची दाढी, बारीक आवाज, पण त्याने हात धरला तो मनगटाच्या वर, बाबा धरायचे तसा. आणि मला एकदम राग आला. कुठून आला कळलं नाही. अर्पिता म्हणत होती तसला, खरा. मी बोलायला लागलो, आणि त्या रागात मुलांनी घालून दिलेले शब्द पार पुसले गेले. उरले ते शास्त्रातले. वीसएक वर्षं रोज पहाटे मोठ्याने वाचतो मी, जिभेला ती वाट पाठ झाली आहे. मी ओरडून म्हणालो, "आणि या उधळ्यासाठी तुम्ही वासरू कापलंत."

पुढचं वाक्य मी बोललो का, आठवत नाही. घोंगडीवाला एक म्हातारा उठून उभा राहिला. शांतपणे विचारलं त्याने, "काय म्हनला बे तो?"

मागून कुणी सांगितलं, "वासरू कापलं म्हनते."

मी पुढे होऊन हात जोडले. सांगितलं, की माझी जीभ घसरली, ही फार जुन्या परदेशातली गोष्ट आहे, कुणाचं मन दुखवायला आम्ही आलो नाही. मी तुमच्यासारखाच शेतकऱ्याचा मुलगा आहे. तेव्हा तो म्हातारा म्हणाला, "शेतकऱ्याचं पोरगं असून असं बोलते. मंग तं जास्तच झालं."

पोळ्याला बाबा आपल्या वासराच्याही कपाळाला कुंकू लावायचे आणि तू त्याच्या गळ्यात सुतळीची माळ घालायचास. ते मला माहीत आहे आणि त्या म्हाताऱ्यालाही माहीत आहे.

कुणी अंगावर आलं नाही. वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांनी मध्ये पडून सांगितलं, सामान भरा अन् निघा. तरुण पोरं मात्र मोबाइल वर धरून उभी होती. एकाने विचारलं, "धर्म बदलाले आले का तुम्ही?" मी म्हटलं, आम्ही येशूची गोष्ट सांगायला येतो, ते लपवत नाही. कुणाला ओढून नेत नाही. तो म्हणाला, "पाहू ना." आणि मोबाइल बंद केला नाही.

जीपमध्ये अर्पिता माझ्यावर रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. उतरताना ती एवढंच म्हणाली, "काका, आम्ही पोरं चुकलो असतो तर मला समजलं असतं."

तुझा
ज्ञाना


देऊळघाट
११ जानेवारी

भाऊ,

अन्वरने सगळं सांगितलं. ते चित्रण धाडला पोचलं. काल गावातली माणसं तुझ्याकडे आली आणि म्हणाली, तुया भाऊ हाय, तूच सांग, त्याह्यले येऊ द्याचं का नाई. तू वांग्याची प्रतवारी करत होतास. वर न पाहता "पाह्यतो" म्हणालास. एकाने टोमणा मारला म्हणे, "महादेवराव, तुमच्या घरचं वासरू कापलं त्यानं." त्यावरही तू वांगी निवडत राहिलास.

माझ्या बोलण्याचं उत्तर तुला द्यावं लागलं. मी इतकी वर्षं त्या गावात नाही, तू रोज त्यांच्यात बसतोस.

वंदनाबाईंचा फोन आला होता. त्या या म्हणतात. मग म्हणाल्या, "पण भाऊ, तुम्ही जीपमधी बसून निघून जासान. मले इथंच राहाचं हाय." अर्पिताने मुलांना गोळा करून विचारलं. काही म्हणाली जायचंच, काही घाबरली. शेवटी ती मला म्हणाली, "तुमच्या भावाची हरकत असेल तर धाड सोडून देऊ. काका, तुम्ही त्यांना विचारा."

म्हणून विचारतो. नाही म्हटलंस तर जीप न थांबता धाडमधून पुढे जाईल. मी मुलांना कारण सांगेन, आणि तुझ्यावर त्याचा बोल येऊ देणार नाही. फक्त अन्वरजवळ हो किंवा नाही सांग. रस्ता सरकारचा आहे असं या वेळी सांगू नकोस.

एक अजून लिहायचं आहे. त्या वस्तीवर मला आलेला राग कुणाचा होता, याचा मी दोन दिवस विचार केला.

ती दोन भावांची गोष्ट मी इतक्या वेळा वाचली आहे, पण दर वेळी स्वतःला धाकटा समजून. दूर गेलेला, मग बापाने जवळ घेतलेला. मोठ्याचं बोलणं मी घाईने उरकायचो. तो मला कोत्या मनाचा वाटायचा. आता ते बोलणं मला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं, चारचौघांत उभं राहून, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की हा आवाज मी ओळखतो.

तुला दहावीनंतर बुलढाण्याला आयटीआयला जायचं होतं. वायरमन व्हायचं होतं. घरात बिघडलेला पंखा उघडून तू तासन्‌तास बसायचास. बाबा म्हणाले, "दोघंबी गेले तं वावरात पाणी कोन देईन?" तू राहिलास. पुढे मला त्याच बुलढाण्याच्या वसतिगृहात पाठवलं. तू मला एसटीत बसवायला आलास, माझी पेटी टपावर चढवलीस, आणि गाडी निघेपर्यंत खिडकीला हात लावून उभा होतास. तुझ्या पाण्यावर पिकलेल्या वांग्यांनी मला तिथे ठेवलं. तिथेच मी प्रार्थनेला जायला लागलो. आणि तुझ्या हिशेबाने तिथेच मी घराला मुकलो.

ही गोष्ट तू कधी कुणाला बोलून दाखवली नाहीस, मला तर नाहीच. त्या गोष्टीतला मोठा भाऊ निदान एकदा अंगणात उभा राहून बापाला बोलला तरी. तू नदीवर बोललास ते पिंडाबद्दल बोललास. हे नाही बोललास.

तुझ्या मनात काय आहे हे मी ठरवू नये. पण मला जे दिसलं ते तुला कळवल्याशिवाय मी धाडमधून जाऊ शकत नव्हतो. थांबून नाही, तसाच पुढेही नाही.

उत्तराची वाट पाहतो.

ज्ञाना


देऊळगाव राजा
१४ जानेवारी

भाऊ,

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो आहे. कारण परवा धाडला मी नाटकातलं तेवढं बोललो, आणि त्याशिवाय तुझ्याशी जवळजवळ काहीच बोललो नाही.

तुझा निरोप घेऊन अन्वर आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "हो बी नाई म्हटलं अन् नाई बी नाई. म्हणे, सकाळी वावरात येजो म्हना. एकटा. काय बोलनार हाय ते आधी मले बोलून दाखव म्हना."

मी आलो. बांधाच्या अलीकडे थांबलो. तू पाण्याचं बारं मोडून पुढच्या वाफ्यात पाणी सोडून आलास, पाय चिखलाने भरलेले. तुझे केस इतके पांढरे झाले असतील असं मला वाटलं नव्हतं. तू नमस्कार केला नाहीस, मीही केला नाही.

"हं. बोल," तू म्हणालास.

मी तिथेच, वांग्याच्या वाफ्यापाशी, मोठ्या भावाचं सगळं बोलणं म्हणून दाखवलं. तू फावड्यावर हात ठेवून ऐकत होतास. मधे एकदा फक्त पाटातलं पाणी फुटतंय का ते पाहिलंस.

संपल्यावर विचारलंस, "हे त्या पोरीनं लिहिलं?"

"नाही. शास्त्रातच आहे."

"किती जुनं?"

"दोन हजार वर्षं."

"म्हणजे तवाबी मोठ्यालेच वावरात ठेवत," तू म्हणालास. मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी खाली पाहत राहिलो.

मग तू विचारलंस, "अन् वासराच्या जागी काय म्हनशील?"

"'याच्यासाठी गावाला पंगत घातली', असं."

तू मान हलवलीस. "पंगतीनं कोनाले राग येते काय? लोक पंगतीत जेऊन येतात." तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, पाण्याकडे पाहत होतास. "असं म्हन, याले शाळेत धाडलं अन् मले पाण्यावर ठेवलं. तेवढं म्हन. पुढचं काई म्हनू नको."

आणि तू फावडं उचलून परत बाऱ्यावर गेलास. माझं पत्र तू वाचलंस हे मला तेव्हा कळलं.

दुपारी वंदनाबाईंच्या अंगणात जागा उरली नव्हती. कुंपणाबाहेर रस्त्यावर पोरं मोबाइल घेऊन उभी होती, ती नाटक पाहायला आलेली नव्हती, मी कुठे चुकतो ते टिपायला आलेली होती. अर्पिता माझ्या कानात म्हणाली, "काका, नाही जमलं तर नुसते गप्प राहा, अविनाश सांभाळून घेईल." तू मला कुठे दिसत नव्हतास. गाव सोडून गेलास का, हेच मनात होतं. मग भजन सुरू असताना तू आलास आणि रस्त्यावरच्या त्या पोरांच्या पुढे, कुंपणाच्या दगडावर बसलास. वहिनी तुझ्यामागे उभ्या राहिल्या. पोरांपैकी कुणीतरी तुला काहीतरी म्हणालं. तू म्हणालास, "बोलू दे ना त्याले. ऐक आधी." ते मला सतरंजीवर ऐकू आलं.

मला वाटतं, आमचं नाटक तिथे वाचलं.

मग अविनाशने माझा हात धरला आणि मी बोललो. या वेळी राग आला नाही. जे आलं त्याला मला नाव देता येत नाही. मी बोललो ते सगळं आपल्याच बोलीत बोललो, मुलांना हे ठाऊक नव्हतं. "इतले वरीस तुमची चाकरी केली. तुमचा शबद मोडला नाई. याले शाळेत धाडलं, अन् मले पाण्यावर ठेवलं."

भाऊ, मी प्रेक्षकांकडे पाहू नये असं अर्पिताने शिकवलं आहे. तरी मी पाहिलं. सगळं गाव माझ्याकडे पाहायचं सोडून तुझ्याकडे पाहत होतं. त्यांना माहीत होतं हे कुणाचं वाक्य आहे. त्या पोरांतल्या एकाने मोबाइल खाली केला. तुझी मान खाली होती आणि वहिनींचा हात तुझ्या खांद्यावर होता. तुमच्या दोघांत असं चारचौघांत कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

नाटक मोठा भाऊ बाहेर उभा आहे आणि बाप त्याला बोलावतो आहे, इथेच संपतं. तू नंतर अर्पिताला विचारलंस, "मंग गेला का तो आत?" ती म्हणाली, "ते लिहिलेलं नाही, बाबा." तू म्हणालास, "लिहनाऱ्यानं चांगलं केलं."

मला वाटलं, आता तू जाशील. तू म्हणालास, "पोराइले घेऊन वावरात चाल. रोडगे लावले हायेत."

वहिनींनी सकाळपासून गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला लावले होते, हे मला कुठे माहीत. नगरकडच्या पोरांनी रोडगा कधी पाहिलेला नव्हता. राखेतून काढलेला तो कणकेचा काळा गोळा पाहून अविनाश म्हणाला, "हे खायचंय का फेकून मारायचंय?" वहिनी हसल्या. "आधी तूप तं पडू दे रे," त्या म्हणाल्या आणि फोडून त्यावर तूप सोडलं. बांधाला लागून आम्ही ओळीने बसलो. दिवस अजून मावळायचा होता. तुझं घर तिथून दिसत होतं. मी तिकडे पाहिलेलं तू पाहिलंस.

"उंबऱ्याचा शबद देला तो देला," तू म्हणालास. "वावराले उंबरा नसते."

पण मला खरं ते लिहायचं आहे जे मुलांच्या लक्षात आलं नाही. रोडगे आपल्याकडे मारुतीला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही. बाबांनी कधी खाल्ले नाहीत. मी पानावर बसलो होतो आणि मनात हाच घोर होता, की नैवेद्याचं असेल तर माझ्याने खाववणार नाही, आणि न खाल्लं तर आज पुन्हा तेच होईल, नदीवर झालं ते. तू टोपली घेऊन माझ्यापुढे वाकलास आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणालास, "मारुतीचे बाजूले काढून ठेवले. ते मी मंग दावतो. हे कोनालेच दावले नाई." आणि वाढलंस.

अर्पिताने मला खुणावलं, प्रार्थना करू का. मी तुझ्याकडे पाहिलं. तू टोपली हातात धरून उभा राहिलास, आमचे डोळे मिटलेले असेपर्यंत. उघडले तेव्हाही तू तसाच उभा होतास. "झालं का तुमचं? मंग वांग्याची भाजी घ्या," म्हणालास.

मी किती वर्षांनी तुझ्या हातचं वाढलेलं खाल्लं. दुसरा घास हातातच राहिला, तर वहिनी म्हणाल्या, "तिखट झाली काय?" मी हो म्हटलं.

निघताना पाटावर हात धुतले. तू माझ्या हातांवर पाणी घालत होतास. मुलं जीपकडे गेली होती. तू म्हणालास, "बाबाचं दरवर्षी करतो मी. पाणी सोडताना दोघायचं नाव घेतो. मायं अन् तुयं. तुले पटो का न पटो."

मी काही बोललो नाही. अन्वरने हॉर्न वाजवला आणि मी निघालो. तुला वाटलं असेल, याला पटलं नाही म्हणून गप्प राहिला.

ते पाणी बाबांपर्यंत पोचतं असं मी मानत नाही. तुला खोटं सांगणार नाही. पण गेली इतकी वर्षं, मी तिथे नसताना, तू दरवर्षी नदीवर उभा राहून माझं नाव घेतलंस, हे कळल्यावर त्या रात्री मला गुडघे टेकूनही शब्द सुचले नाहीत.

मी बोलायला हवं होतं ते हे. रोज सकाळी प्रार्थनेत मी ज्यांची नावं घेतो, त्यांत पहिलं तुझं असतं, मग वहिनींचं. ते घेऊ का, हे मीही तुला कधी विचारलं नाही. तुला ते पटणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

तू तुझं थांबवू नकोस, भाऊ. मीही थांबवणार नाही.

तुझा
ज्ञाना